आबांचं ‘स्पेक’

परवा नातीनं फोनवर विचारलं, "आजी, कवितेत ‘स्पेक’ आलंय. हे कुठलं इंग्रजी?" ‘स्पोक’चं ते जुनं रूप, असं तिला सांगितलं आणि आबा डोळ्यांसमोर उभे राहिले.

सत्तरच्या दशकात मी सांगलीला कॉलेजात होते. लष्करातून निवृत्त झालेले माझे वडील, आबा, कुंडलहून मला हौसेनं इंग्रजीत पत्रं लिहीत. पलटणीत मिळालेल्या एका जुन्या पुस्तकावरून ते इंग्रजी शिकले होते. "युवर मदर स्पेक ऑफ यू," हे वाचून मैत्रिणी हसल्या. सुट्टीत मी त्यांना म्हणाले, "आबा, आता स्पेक कुणी म्हणत न्हाई. स्पोक म्हणत्यात."

"व्हय? आमच्या पुस्तकात तसंच हुतं," एवढंच बोलून त्यांनी शाईनं निळी झालेली बोटं धोतराला पुसली.

पुढचं पत्र मराठीत आलं, चारच ओळींचं. माझंच चुकलं होतं. शब्द चुकीचा नव्हताच, नुसता जुना होता. मी लगेच इंग्रजीत कळवलं, "आय स्पेक ऑफ यू टु ऑल माय फ्रेंड्स."

आठवड्यानं तीन पानी इंग्रजी पत्र आलं. खाली आईनं वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, "काय लिवलंस गं त्यास्नी? गावभर वाचून दावत्यात."