पायाळू

काल निलगिरी तेलाचा वास आला आणि लग्नानंतरची भवानीनगरची ती दुपार आठवली. उसाला पाणी देताना सासऱ्यांच्या कमरेत उसण भरली होती. हेच तेल चोळलं तरी उठवेना. पायाळू, म्हणजे आधी पाय बाहेर येऊन जन्मलेल्या माणसानं लाथ मारली की उसण जाते, आणि मी पायाळू असल्याचं लग्न जमवणाऱ्या आत्यानं सांगितलेलं. सासूबाई म्हणाल्या, “लाजू नगं, मार.” ज्यांच्या रोज पाया पडायचे, त्यांच्याच कमरेला मी पाय लावला. “गेली की गं!” म्हणत ते उभे राहिले. आनंदानं आईला फोन केला, तर ती म्हणाली, “पायाळू तुझी थोरली बहीण हाय, तू न्हाईस.” तेव्हापासून गाव माझ्याकडं येतं, बरं होऊन जातं आणि मला काहीच उमगत नाही. काल त्या तेलाचा वास घेऊन, कंबर धरून आईच आली. म्हणाली, “मार की गं लाथ.”