यादीतल्या मुलाणीबाई

मुलाणीबाई घरात कुठलंही नवं यंत्र आणलं की तीन दिवस ते चालू करत नसत. आधी खोक्यातून माहितीपुस्तिका काढायची, चष्मा पदरानं पुसायचा आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत बसायचं. शेजारच्या बायका नवा मिक्सर बघायला आल्या तरी मिक्सर खोक्यातच. "अजून विसाव्या पानावर आहे," बाई सांगायच्या. "हात कोरडे असावेत, असं तीन वेळा लिहिलंय. एकदा लिहून भागलं असतं. यांच्याकडं काहीतरी झालेलं असणार. कुणाला तरी शॉक बसलाय."

आणि मग तो कुणाला बसला असेल, याचा त्यांना खरोखर ध्यास लागायचा. वेल्हे तालुक्यात तीस वर्षं झेडपीच्या शाळांवर शिकवून, शेवटची काही वर्षं राजगडाखाली पालीला काढून त्या निवृत्त झाल्या आणि कामथडीला स्वतःच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. त्यांचे मालक पूर्वीच वारले होते. एकुलती मुलगी रेहाना मिरजेला दिलेली. माझं तेव्हा हायवेवरच्या एका फाट्यावर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. मी तेवीस वर्षांची, दुकान नवं, गिऱ्हाईक कमी. अशात एक दिवस बाई हातात मिक्सरचं हमीपत्र घेऊन आत आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"अनधिकृत व्यक्तीनं उघडल्यास हमी रद्द, असं लिहिलंय. मिक्सर माझा, पान्हा माझा. मग मी अनधिकृत कशी?"

मी म्हटलं, "बाई, सगळ्याच वस्तूंवर असं लिहिलेलं असतं."

"सगळ्यांवर असतं म्हणून तर विचारते."

ते त्यांचं मी टाइप केलेलं पहिलं पत्र. शेवटचं वाक्य होतं, 'सदर वस्तू आता माझी झाली आहे की अजून आपलीच आहे, एवढे कृपया कळवावे.' महिन्याभरानं कंपनीचं छापील उत्तर आलं. ग्राहकाच्या समाधानाला आम्ही सर्वोच्च महत्त्व देतो, वगैरे. बाईंनी ते दोनदा वाचलं. "उत्तर चांगलंय," त्या म्हणाल्या. "प्रश्न वेगळा होता." रागावल्या मात्र नाहीत. आजूबाजूचे लोक बिघडलेल्या टीव्हीला थापट्या मारायचे, रिमोट आपटायचे, दुकानदाराशी भांडायचे. बाईंना त्याच्यात रस नव्हता. त्यांना फक्त कळून घ्यायचं असायचं.

माझ्या शेजारच्या गाळ्यात दिलीपनं व्हिडिओ गेम सुरू केला तेव्हाचं असंच. चार टीव्ही, चार खुर्च्या आणि दारावर जुन्या चादरीचा पडदा. कॉलेजला जायच्या नावाखाली पोरं तिथं बसायची. गावात ओरड सुरू झाली होती. बाई एका दुपारी पडदा बाजूला करून आत गेल्या. आता या पोरांची कानउघाडणी होणार, म्हणून मी दारात जाऊन उभी राहिले. पोरं ताडकन उठली.

"बसा रे," बाई म्हणाल्या. "शाळेत पाव तास नीट बसला नसाल कधी. इथं दोन-दोन तास कसे बसता, ते बघायला आलेय."

आणि बसल्या त्या रिकाम्या खुर्चीत. त्या दिवसापासून आठवड्यातून दोन दुपारी बाई तिथं. पुस्तिका नसल्यामुळे नियम पोरांकडून विचारून वहीत उतरवून घेतलेले. पडद्यावरचा बुटका माणूस खड्डे ओलांडत उजवीकडं पळायचा. बाईंचा तो पहिल्याच खड्ड्यात पडायचा, पण त्यांची शंका निराळी होती. "हा डावीकडं परत का जाऊ शकत नाही? आत्ता तर तिथून आला." पोरं म्हणायची, "बाई, तसंच असतंय ते." बाई म्हणायच्या, "कुणीतरी तसं ठरवलं असेल ना? काय म्हणून ठरवलं असेल?" पोरं विचारात पडायची. वर्गात पडली नसतील इतकी.

दिलीपकडं एक कॅसेट होती, वर मोठ्या अक्षरांत '९९९ गेम' लिहिलेलं. बाईंनी तीन महिने घालवून एकेक नंबर लावून पाहिला आणि वहीत नोंद केली. वेगवेगळे गेम भरले चौदा. बाकी सगळे तेच, नुसती नावं बदललेली, नाहीतर विटांचा रंग. आम्ही पुण्याच्या विक्रेत्याला पत्र पाठवलं, सोबत यादीच्या सहा पानांची झेरॉक्स. त्या माणसानं खरंच दुसरी कॅसेट पाठवून दिली. तिच्यावर लिहिलं होतं '९९९९ गेम'. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

पोलीस आले ते अशाच एका दुपारी. कुठलं ठाणं, कोण साहेब, ते सांगत नाही. साहेब पुढं बदलून गेले आणि आता त्याचा काही उपयोगही नाही. जीपमधून एक हवालदार आणि दोन शिपाई उतरले. पोरांना बाहेर काढून भिंतीला उभं केलं. हवालदारानं वही काढली. नाव, बापाचं नाव, गाव. एका शिपायाकडं कॅमेरा होता, तो एकेकाचा फोटो काढत होता. मी काय केलं, तर दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं आणि आत उभी राहिले. म्हणून पुढचं मी फटीतून बघितलेलं आहे.

अकरा पोरं लिहून झाली आणि पडद्याआडून बाई बाहेर आल्या.

"माझं राहिलं," त्या म्हणाल्या.

हवालदार गोंधळला. "बाई, तुमी कशाला हितं?"

"ही पोरं इथं काय करत होती म्हणून नावं घेताय?"

"गेम खेळत हुती."

"मग मीही तेच करत होते. लिहा. जैनब महंमद मुलाणी. जैनबमधला जै दोन मात्रांचा. वय बासष्ट. निवृत्त शिक्षिका. राहणार कामथडी."

"न्हाई हो बाई, तुमचं नगं."

"का नको? नियम असेल तर तो सांगा. नियम नसेल तर या पोरांचीही खोडा."

हवालदारानं जीपमध्ये बसलेल्या साहेबांकडं बघितलं. साहेबांनी तोंड दुसरीकडं वळवलं. शेवटी पीडा टळावी म्हणून त्यानं लिहिलं. बाई वाकून बघत होत्या. "एकच मात्रा दिलीत," त्या म्हणाल्या. फोटोसाठीही त्या भिंतीला जाऊन उभ्या राहिल्या, पोरांच्या रांगेत बाराव्या, पदर नीट करून. ज्या पोरांची तोंडं उतरली होती त्यांतली दोघं-तिघं हसली, आणि हवालदार त्यांच्यावर खेकसला नाही.

संध्याकाळी बाई माझ्याकडं आल्या. मला मान वर करवेना. "मी शटर ओढलं बाई."

"दिसलं मला. घाबरलीस. मीही घाबरले होते." त्यांनी स्टूल ओढलं. "घाबरावं गं, त्याला काही नाही. पण आता कागद लाव. ही नावं कशासाठी नेली आणि कुठवर ठेवणार, ते विचारू."

त्या पत्राला उत्तर आलं नाही. दिलीपनं गाळा बंद करून तिथं मोबाईलची कार्डं विकायला घेतली. विषय संपला, असं सगळ्यांनाच वाटलं.

दोनेक वर्षांनी भोंगवलीचा संतोष माझ्या दुकानात आला. त्या अकरांतला एक. सैन्यभरतीत निवड झाली होती. पळणं, छाती, लेखी, सगळं पार करून हा पोरगा पोलिसांच्या चारित्र्य दाखल्यापाशी अडकला होता. "नाव यादीत हाय म्हनत्यात," तो म्हणाला. "ताई, म्या काय केलं न्हाई. तवा गेम खेळत हुतो फकस्त. पाच आठवड्यांत हजर व्हायचंय, न्हाईतर गेली भरती." त्याच्या हातात अर्जाची घडी घामानं मऊ झाली होती.

मी बाईंना निरोप धाडला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य काय काढावं? "म्हणजे मलाही दाखला मिळणार नाही की काय?" डोळ्यांत चक्क कुतूहल. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं ठाण्यात गेलो. बाईंनी स्वतःसाठी चारित्र्य दाखल्याचा अर्ज पुढं केला.

साहेब हसले. "आजी, या वयात कुठं भरती होणार?"

"व्हायचं नाही कुठं. माझं चारित्र्य तुमच्याकडं कसं लिहून ठेवलंय, ते बघायचंय. या संतोषचं नाव ज्या यादीत आहे ना, त्याच यादीत बारावं नाव माझं आहे."

साहेबांचं हसू गेलं. "कसली यादी? अशी काही यादीबिदी नसते."

"बरं," बाई म्हणाल्या. "तेवढंच लिहून द्या."

ते अर्थातच दिलं नाही. पण माहिती अधिकाराचा कायदा तेव्हा नवा होता आणि बाईंनी तो, सवयीप्रमाणे, पहिल्या कलमापासून वाचून काढला होता. यादीची प्रत मागणारा अर्ज मी त्याच दुपारी टाइप केला. कायद्यानं उत्तराला तीस दिवस होते. संतोषकडं पस्तीस. तो रोज भोंगवलीहून फाट्यावर यायचा, दुकानापुढं बसायचा, पोस्टमन पुढं गेला की उठून जायचा. त्याची आई एकदा आली आणि मला म्हणाली, "बाईंनी अर्ज केला म्हून सायेब चिडलं तर वो?" बाईंना मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "चिडतील," म्हणाल्या. "तेही आहेच."

एकोणतिसाव्या दिवशी पाकीट आलं. 'सदर प्रकारची कोणतीही यादी या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही.' खाली सही, शिक्का. बाईंनी कागद उजेडात धरून वाचला. "नसलेल्या यादीत नाव कसं असेल?" त्या म्हणाल्या, आणि त्याच्या चार झेरॉक्स काढायला लावल्या. संतोष एक घेऊन ठाण्यात गेला, एक जिल्ह्याला घेऊन गेला. हजर व्हायला तीन दिवस उरले असताना त्याला दाखला मिळाला. जाताना तो बाईंच्या पाया पडायला वाकला तर बाईंनी त्याला धरून उभा केला आणि विचारलं, "ट्रेनिंगमध्ये बंदुकीबरोबर पुस्तिका देतात का रे? पत्रात कळव."

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण त्यानंतर बाईंकडं दर महिन्याला साध्या कपड्यांतला एक माणूस येऊ लागला. सहजच, म्हणायचा. पाहुणे कोण येतात, जावई काय करतात, मिरजेला कधी जाता, मशिदीत कोण नवीन आहे. बाई त्याला चहा द्यायच्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "तुमच्या वहीत रकाने कुठले कुठले आहेत?" तो म्हणाला, "ते सांगता यायचं न्हाई, बाई." बिचारा वाईट नव्हता. बिस्किटं नको म्हणायचा.

त्या दिवशी त्या माझ्याकडं आल्या, पण टाइप करायला काही आणलं नव्हतं. "शैला, तीस वर्षं मी हजेरी घेतली," त्या म्हणाल्या. "पोरगं आलं नाही तर घरी जाऊन बघायचं, आजारी आहे का, गुरांमागं गेलंय का. त्याच्यासाठी हजेरी. ह्यांची हजेरी कशासाठी, ते हे सांगत नाहीत. आणि गंमत बघ, त्या बारा जणांतल्या बाकी कुणाकडं हा माणूस जात नाही. मी विचारून आले." गंमत म्हणाल्या, पण आवाजात गंमत नव्हती. उत्तर माहीत असल्यामुळं प्रश्नच विचारला नाही, असं बाईंचं मी त्या एकाच वेळी बघितलं.

रेहानाला हे कळलं आणि ती येऊन अम्मीला घेऊनच गेली. बाई मिरजेला जायला तयार नव्हत्या, पण नजर अधू होत चालली होती. काचबिंदू. खोल्यांना कुलूप लागलं. एसटी सुटताना त्यांनी खिडकीतून मला सांगितलं, "कुणी काही विचारलं तर खरं सांग. पण आधी का विचारताय ते विचार." मग गाडी हलली आणि आणखी काही म्हणाल्या, ते ऐकू आलं नाही.

मी त्यांना शेवटचं भेटले ते मिरजेला, त्या वारल्या त्याच्या दोन महिने आधी. नजर पूर्ण गेली होती. आतल्या खोलीत त्यांची नात आफरीन कॉम्प्युटरवर नवा गेम टाकत होती. बाई कॉटवर बसून ऐकत होत्या.

"काय दाबतेस गं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही नानी. मान्य आहे, असं दाबायचं असतं."

"काय मान्य आहे?"

"ते लांबलचक आहे. कुणीच वाचत नाही."

"शैला वाचेल," बाई म्हणाल्या.

मी बसले. सगळं इंग्रजी, वकिली. जमेल तसं मराठीत सांगत गेले. सव्वा तास लागला. कंपनी वाटेल तेव्हा गेम बंद करू शकेल. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काय आहे ते तपासू शकेल. ती माहिती दुसऱ्यांना देऊ शकेल. तक्रार असली तरी कोर्टात जाता येणार नाही. प्रत्येक कलमानंतर बाई "पुढं?" म्हणायच्या, गोष्ट ऐकल्यासारख्या. आफरीन आधी फुरंगटली होती, मग खुर्चीवर पाय घेऊन मुकाट बसली.

संपल्यावर बाई म्हणाल्या, "आपण काय करायचं नाही ते सगळं आलं. त्यांनी काय करायचं नाही, ते कुठल्या पानावर आहे?"

मी पुन्हा वर गेले. सावकाश खालपर्यंत आले. "नाही बाई. कुठंच नाही."

"असं," त्या म्हणाल्या. मग नातीच्या दिशेनं तोंड केलं. "दाब हो बाळ, तुला खेळायचं असेल तर. मी अडवत नाही."

आफरीननं माऊसवर हात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मावशी, ते कोर्टाचं परत एकदा वाचा ना. असं का लिहिलं असेल त्यांनी?"

बाई कॉटवर थोड्या पुढं सरकून बसल्या आणि मी ते कलम परत पहिल्यापासून वाचायला घेतलं.