कट्ट्याची जागा

आमच्या विभागाला नवी अभ्यासिका मिळाली ती सुहासच्या देणगीतून. आम्ही एकाच वर्गातले; तो परदेशी गेला, मी इथेच शिकवायला राहिलो. उद्घाटनाला त्याला येता आलं नाही, म्हणून मी फोनवरून त्याला सगळं दाखवत होतो. नवी टेबलं, दिवे, दारावर त्याच्या आईचं नाव. तो नुसतं "छान, छान" म्हणत होता. मग म्हणाला, "आता आपला कट्टा दाखव ना."

मी जागचा हललो नाही. "इथेच होता रे. तो पाडूनच ही बांधली."

इथे राहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत एकेक गोष्ट जात असते, त्याची सवय होते. लांब गेलेल्याकडे त्या सगळ्या जशाच्या तशा असतात, आणि एखाद्या दुपारी एकदमच जातात.

तो म्हणाला, "पोरं कुठं बसतात आता?"

मी फोन खिडकीकडे वळवला. खाली पार्किंगमध्ये मुलं चहाचे कप घेऊन गाड्यांना टेकून उभी होती. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"आलो की कट्ट्यावर बसायचं होतं रे मला," तो म्हणाला.