आलं तरी हरणारं पान

साखरपुड्यानंतरच्या पहिल्या नाताळला तो आमच्याकडे नगरला जेवायला आला. तो म्हणजे ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं. येत्या रविवारी चर्चमध्ये आमची नावं पहिल्यांदा वाचली जाणार होती. आमच्यात तीन रविवार नावं वाचतात आणि कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. हरकत कुणी घेत नाही. निदान नवरी तरी नाहीच.

मला त्याला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती मी चार महिन्यांत तीनदा विचारली होती. लग्नानंतर मी नोकरी चालू ठेवणार ना? शाळेची पुस्तकं छापण्याआधी तपासायची, असं माझं काम. घरी बसून करता येतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिन्ही वेळा तो म्हणाला, "होईल गं." 'हो' नाही, 'नाही'ही नाही. होईल.

जेवण झाल्यावर त्याने पत्ते मागितले. पुण्यात ऑफिसातल्या मित्रांबरोबर तो ओमाहा नावाचा पोकर खेळतो. साधा पोकर आता कुणीही खेळतं, असं तो म्हणाला. पप्पांनी सांगितलं, "या घरात पैसे लावायचे नाहीत." मग आईने चिंचोक्यांचा डबा काढून दिला. खेळायला तो, माझा भाऊ आणि कोल्हारहून आलेला मामा. मी पानं वाटायची. बायकांना पत्त्यांत एवढंच काम असतं.

तो नियम सांगू लागला. प्रत्येकाला चार पानं. टेबलावर आधी तीन उघडायची, मग चौथं, मग पाचवं. हातातली दोनच आणि टेबलावरची तीनच घेऊन पाच पानांचा डाव लावायचा.

मामाची सगळी हयात रमीत गेलेली. तो म्हणाला, "मग चार कशापायी देता, जावईबापू? दोन काय मिरवायला?"

सगळे हसले, तो सोडून. त्याने तेच पुन्हा इंग्रजीत सांगितलं, माझ्याकडे बघून. काही समजवायचं असलं की माझ्याशी तो इंग्रजी बोलतो आणि मी मराठीत उत्तर देते. त्याला वाटतं मी लाजते.

हा खेळ मी दोन वर्षं लॅपटॉपवर खेळत होते, फुकटच्या चिप्सवर. सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

पाच-सहा डाव मी नुसती पानं वाटली आणि त्याच्याकडे बघत राहिले. चौथं पान पडलं की त्याला काहीतरी हवंच असायचं. एखादं बदाम, एखादी दश्शी. मग गड्डीत आपल्या कामाची पानं किती उरलीत ते तो मोठ्याने मोजायचा, "नऊ ही, वर चार ती, तेरा पानं माझी!" भाऊ कौतुकाने मान हलवायचा. खरं तर त्या वेळी दोन प्रश्न विचारायचे असतात. हवं ते पान यायची शक्यता किती? आणि ते आलं तर मी जिंकेन का? तो पहिल्याच प्रश्नावर थांबायचा. दुसरा प्रश्न असतो हेच त्याच्या गावी नव्हतं. आणि डाव सोडणं त्याला भित्रेपणाचं वाटायचं.

मग भावाला फोन आला. जाता जाता तो म्हणाला, "बस गं माझ्या जागी, चिंचोके संपव." पानं मामाने वाटली.

मला बदामचा एक्का, बदामची दश्शी, एक नव्वी आणि एक सत्ती आली. टेबलावर बदामचा राजा, बदामची नव्वी आणि इस्पिकची सत्ती. मामाने लगेच पानं पालथी टाकून डाव सोडला, "माझं पॅक." चौथं पान पडलं, चौकटची नव्वी. आता माझ्याकडे तीन नव्व्या, दोन सत्त्या झाल्या, म्हणजे फुल हाऊस. त्यापुढे पाच बदामही हरतात आणि ओळीने लागलेली पानंही.

या खेळात मध्ये जेवढं पडलं असेल, फार तर तेवढंच लावता येतं. तेवढं सगळं लावायचं तर 'पॉट' म्हणायचं.

"पॉट," मी म्हणाले.

तो हसला. "अगं, पॉट म्हणजे केवढं, कळतंय ना?"

"हो."

"मामा, बघा हां आता. बदाम आलं तर माझं, दश्शी आली तर माझं, सहा-सात प्रकार आहेत. निम्मी गड्डी माझी!" त्याने चिंचोके पुढे सारले. टेबलावर दोन नव्व्या दिसत होत्या, म्हणजे समोर फुल हाऊस असू शकतं, आणि त्याचं तिकडे लक्षही नव्हतं.

पाचवं पान बदामची दुर्री.

"फ्लश! पाचही बदाम!" त्याने बदामची राणी आणि गुलाम आपटले आणि दोन्ही हातांनी ढीग ओढायला लागला. मी माझी पानं उलटून ठेवली.

मामाला समजायला थोडा वेळ लागला. मग तो म्हणाला, "जावईबापू, हात काढा. पोरीचं हाय त्ये."

"याला बॅड बीट म्हणतात," तो मामाला समजावू लागला. "गणिताने मी बरोबर होतो. नवशिक्यांना असंच लागतं."

जिंकत आलेला माणूस शेवटच्या पानावर हरला, तर त्याला बॅड बीट म्हणतात. हा चौथ्या पानालाच मेलेला होता. गड्डीतलं एकही पान त्याला वाचवू शकत नव्हतं.

चिंचोके डब्यात भरताना मी चौथ्यांदा विचारलं, "माझ्या नोकरीचं?"

"होईल गं. आत्ता काय त्याचं?"

तेव्हा मला स्वतःचीच किळस आली. चार महिने मीही पहिलाच प्रश्न विचारत बसले होते, हा 'हो' म्हणेल का. म्हणाला तर पुढे काय, या माणसाच्या 'हो'वर मी काय जिंकणार होते, हे एकदाही विचारलं नव्हतं.

तो गेल्यावर चहाच्या वेळी मी सांगितलं, "पप्पा, रविवारी आमची नावं वाचायला देऊ नका."

आईचा कप बशीवर वाजला. "साखरपुडा झालाय! झालं तरी काय? चिंचोक्यांवरून लग्न मोडतं का कुणी?"

मला समजावून सांगता येईना. नेहमीसारखंच. एकच शब्द आला.

"पॅक."

पप्पांनी मामाकडे बघितलं. मामा बशीतला चहा फुंकत होता.

"पयल्या फेरीला पॅक केलं तर कमी पॉइंट जात्यात, दाजी," तो म्हणाला. "मधी केलं तर जरा जास्त. पर शेवटापर्यंत बसून हारलं ना, मंग लई जात्यात. आत्ता ती मधी हाय."

"तू गप रे," आई म्हणाली.

पप्पा उठले. चष्मा लावला आणि फोनमध्ये पाळकसाहेबांचा नंबर शोधू लागले. सापडल्यावर बोट तसंच ठेवून त्यांनी मला विचारलं, "या रविवारचंच सांगू, की तिन्ही?"

"तिन्ही," मी म्हणाले.