कावळा, चहा आणि सासूबाई

नातीच्या नव्या चित्रपुस्तकाला शाईचा वास आला आणि मला माझी सायक्लोस्टाइलवर छापलेली चित्रकथा आठवली. तेव्हा नाशकात मी नवी सून, स्वतःला थोर चित्रकार समजणारी. सासरे गेल्यापासून सासूबाई बोलेनाशा झाल्या होत्या, म्हणून मी सासऱ्यांचीच गोष्ट चित्रांत काढली. दहाव्याला गोदेवर पिंडाला कावळा शिवेना, दिरांनी कपभर चहा ठेवल्यावरच आला, तेसुद्धा काढलं. कच्ची पानं मी सासूबाईंपुढे ठेवली. सासूबाई कडाडल्या, "अगं, बशीत ओतल्याशिवाय ते कधी चहा प्यायलेत का? आणि ही कोंबडी कशाला?" "कावळा आहे तो, आई." त्या पदराआड खुदकन हसल्या आणि पेन्सिल घेऊन कपाशेजारी बशी काढली. अख्ख्या पुस्तकात आज नातीला न विचारता ओळखू येते ती तेवढी बशी.