दिनूदादाचं आयडलिंग

दुकानात जो माल खपत नाही त्याला आम्ही डेड स्टॉक म्हणतो. किश्शांचं गणित उलटं. जितका जुना किस्सा तितकं गिऱ्हाईक जास्त, आणि दिला तरी फळीवरून हलत नाही! लालबागला मोटरसायकलच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान चालवता चालवता माझ्याकडे असा भरपूर माल साठलाय. त्यातला निम्मा एकट्या दिनूदादाचा.

दिनूदादा म्हणजे समोरच्या गाळ्यातला मेकॅनिक. मूळचा कणकवलीकडचा. गिरण्यांच्या मोठ्या संपाच्या आधी गिरणीत साच्यांवर होता, कापड विणायला. माझ्या वडिलांचं तेव्हा ह्याच जागेत सायकलचं दुकान होतं. गिरणीची पाळी सुटली की हवा भरायला रांग लागायची. संप सुरू झाला, भोंगा गप्प झाला तो कायमचा, आणि रांगही गेली. वडील म्हणाले, "आता ह्या रस्त्यावर सायकल येणार नाही. दुसरं बघ." मी मोटरसायकलचे पार्ट ठेवायला लागलो. दिनू परळला मेव्हण्याच्या गॅरेजात पाना धरायला शिकला आणि मग समोर गाळा घेऊन बसला. मला इंग्रजी कमी, त्याला ऐकायला कमी. जोडी जमली!

*

कानाचं कारण साचेखातं. तिथे आवाज एवढा की माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलायची. बाहेर आली तरी सवय तीच. दिनू तुमच्या तोंडाकडे टक लावून बघणार आणि उत्तर देणार ते काळाचौकीपर्यंत ऐकू जाईल असं.

एकदा एक नवा जावई गाडी ढकलत आला. हँडल वाकलेलं, इंडिकेटर लोंबतोय. गाडी सासऱ्यांची. दिनूच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "दादा, सासऱ्यांना कळता कामा नये."

कानाशी बोलला, म्हणजे ओठ दिसले नाहीत. दिनूनं खात्री करून घेतली, "काय? सासऱ्यांना कळता कामा नये?"

समोरच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत पेपर वाचणारे गृहस्थ उठून उभे राहिले आणि म्हणाले, "काय कळता कामा नये?"

*

तुम्ही म्हणाल, ऐकू न येणारा माणूस इंजिन ट्यून कसा करायचा? तीच तर गंमत!

ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी ज्या चालीनं उभी चालू राहते ते आयडलिंग. बाकीचे मेकॅनिक ते कानानं सेट करायचे. दिनू कटिंग चहा मागवायचा, भरलेला ग्लास पेट्रोलच्या टाकीवर ठेवायचा आणि कार्बोरेटरचा स्क्रू फिरवत चहाकडे बघत बसायचा. चहा उसळला तर आयडलिंग जास्त. थरथरून थांबला, परत थरथरला, तर कमी. वर बारीक गोल लाटा एकसारख्या उठायला लागल्या की झालं. "जा, घेऊन जा." ती गाडी सिग्नलला कधी बंद पडायची नाही.

एका दिवशी एक नवखं गिऱ्हाईक आलं. दिनू स्क्रू ड्रायव्हर आणायला आत वळला. बाहेर येऊन बघतो तर ग्लास रिकामा. गिऱ्हाईक तोंड पुसत म्हणालं, "थँक्यू दादा, चहा छान होता."

दिनू ओरडला, "अरे, तो चहा नव्हता, मीटर होता!"

*

दर रविवारी फ्रान्सिस यायचा. माहीमचा, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईचाच जुना ख्रिश्चन, ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. चर्चमध्ये मासला जाऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, जुनी मोटरसायकल घेऊन तो दिनूच्या स्टुलावर बसायचा.

"आयडलिंग बघ रे जरा."

दिनू ग्लास ठेवायचा, बघायचा. "फ्रान्सिस, गाडी एकदम बरी आहे."

"बरी हाय ते ठाऊक हाय मला. बिगडली असती तर वर्किंग डेला नसती आनली?"

मग दोन तास गप्पा. माझ्या काउंटरवर त्या दोन तासांत काही विकलं जायचं नाही. पण रविवारी मी दुकान कधी बंद ठेवलं नाही, ते ह्या दोघांमुळेच.

*

आणि मग कार्बोरेटरच गेले. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या आल्या. पहिली गाडी गाळ्यात आली तेव्हा दिनूचे केस पांढरे झाले होते. तो उकिडवा बसला, टॉर्च मारला, चष्मा पुसला, परत टॉर्च मारला.

"हवेचो स्क्रू खय आसा?"

गाडीवाला म्हणाला, "नाही."

"पेट्रोलचो?"

"नाही. सीटखाली कॉम्प्युटरचा डबा आहे. थ्रॉटलवर, म्हणजे हवेच्या झडपेवर, सेन्सर बसवलाय, तो डब्याला सांगतो की किती रेस दिलीय. मग किती पेट्रोल सोडायचं ते डबा ठरवतो."

दिनूनं टॉर्च विझवला. मग म्हणाला, "मगे माका खय ठेवल्यानी ह्यात?"

आम्ही हसलो. तो हसला नाही. संध्याकाळी शटर ओढताना मला म्हणाला, "शेठ, एकदा साचा गेला. तेव्हा तरणा होतो, दुसरं शिकलो. आता हे पण गेलं तर गावाक जाऊन काजू मोजत बसायचं काय?"

*

त्याच भीतीपोटी त्यानं चूक केली. आणि ती चूक फक्त गिरणीवालाच करू शकतो!

माहीमच्या कोळीवाड्यातली हिराबाई. भाऊच्या धक्क्यावरून मासळी उचलून पोराच्या मागे गाडीवर बसून फिरायची. गाडी नवी, इंजेक्शनवाली. आयडलिंग थोडं कमी वाटतं म्हणून पोरानं दिनूकडे आणली. दिनूनं शोधशोध शोधलं आणि त्याला थ्रॉटलपाशी एक स्क्रू सापडला. त्याच्यावर पिवळा रंग मारलेला. म्हणजे कंपनीनं सांगितलंय, हात लावू नका.

मी म्हणालो, "दिनू, रंग आहे त्याच्यावर."

"म्हणून तर! साच्याच्या नटाला रंग म्हणजे जॉबरनं, खात्यातल्या मुकादमानं, सेट केलेला. आणि जॉबरनं सेट केलेलं आम्ही तो चहाला गेला की नीट करायचो!"

फिरवला. वर सेन्सरही ढिला करून थोडा सरकवला. चहावर सुरेख गोल लाटा उठल्या. पोरगा खूश होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी हिंदमाताच्या सिग्नलला गाडी आपोआप किंचाळायला लागली, मग आचके देऊन बंद पडली, ती परत चालू होईना. मागे टोपलीत सुरमई, वर ऊन, खाली बर्फाचं पाणी. समोर साड्यांची दुकानं. हिराबाईनं काय करावं? फुटपाथवर टोपली उघडली आणि हाळी दिली. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बायकांनी शालूच्या पिशवीबरोबर सुरमईची पिशवी धरली!

दुपारी ती गाळ्यावर हजर. "मेल्या दिन्या! टोपली खपली म्हणून आज तुला सोडलं. शनवारपरेंत गाडी नीट दे. नायतर कंपनीत नेईन, आनि आमच्या वाड्यातल्या समद्या गाड्या माझ्या मागनं तिथंच जातील!"

कोळीवाड्याच्या गाड्या म्हणजे दिनूचा निम्मा गाळा. दिनूनं मान खाली घातली. ओठ वाचायची गरजच नव्हती.

*

माझा धंद्याचा स्वभाव. मी म्हणालो, "नवा सेन्सर टाक. आहे माझ्याकडे."

"सेन्सर चांगलो आसा. रेस सोडली तरी थ्रॉटल मीच त्या स्क्रूनं जरासो उघडो ठेवलंय. सेन्सर डब्याला सांगतो, माणूस रेस देतोय. डब्याला ते खरं वाटतं. नवीन टाकलास तरी तो हेच सांगणार."

माझी एक विक्री गेली. पण पन्नास मेकॅनिकांनी तो सेन्सर बदलला असता, हे मला माझ्या गल्ल्यावरून माहीत होतं.

पण नीट करायचं कसं? फ्रान्सिसच्या चर्चमध्ये एक जण सर्व्हिस सेंटरला होता. फ्रान्सिसनं त्याला गाठलं, सगळं पाठ केलं आणि भर कामाच्या दिवशी ऑफिसला दांडी मारून आला. गाळ्यात ताठ उभा राहून, दोन्ही हात पुढे जोडून म्हणायला लागला, "पहिल्यांदा स्क्रू मागं फिरवावा, तुटलेला पिवळा रंग रंगाला मिळेपर्यंत. मग थ्रॉटल पूर्ण बंद ठेवावा. मग सेन्सरला मीटर लावावा आणि ठरलेला व्होल्टेज येईपर्यंत सेन्सर सरकवावा. मग घट्ट करावा..."

दिनूनं टोपी काढली. "आमेन! आता मीटर कसो धरूचो ता सांग."

*

शनिवार. हिराबाई समोर पाटावर बसलेली. पोरगा, फ्रान्सिस, मी. चाळीच्या गॅलऱ्या भरलेल्या. दिनूनं रंगाला रंग मिळवला, मीटर लावला, सेन्सर केसभर इकडे, केसभर तिकडे करत आकडा आणला, स्क्रू घट्ट केले. गाडी चालू केली.

गाडी गुरगुरली, चाल चढली, उतरली, चढली.

दिनूचा हात आपोआप ॲक्सिलरेटरकडे गेला.

फ्रान्सिस ओरडला, "नाय! शेवटचं सांगायचं राहिलं! आता कोनी हात नाय लावायचा. डबा आपला आपण शिकतो, गाडी उभी कशी ठेवायची ते. हात लावला की परत पहिल्यापासून!"

"बंद पडली तर?"

"पडू दे. पन हात नाय."

गाडी खोकली. दिनूचा हात परत गेला. हिराबाईनं फाटकन त्याच्या हातावर चापट मारली. "बस खाली!"

दिनू स्टुलावर बसला. दोन्ही हात मांड्यांखाली घालून, त्यांच्यावर आपलं सगळं वजन देऊन. कपाळावर घाम. इंजिन आचके देतंय, आता मरतंय, मग परत धरतंय, आणि हा नुसता बघतोय. चाळीस वर्षांत मी त्याला असा रिकाम्या हातानं बसलेला बघितला नव्हता.

रस्त्यानं जाणारा एक ओळखीचा थांबला. आमच्याच वयाचा, गिरणीतलाच. "काय दिनू, गाडी चालू आणि तू हात बांधून? काम नाही काय?"

"हेच काम!"

इंजिनचे आचके हळूहळू कमी झाले. चाल लागली. खाली नाही, वर नाही, एकसारखी. हिराबाईनं पदर सावरला आणि पोराला म्हणाली, "चल, टोपली बांध."

दिनूनं मांड्यांखालून हात काढले. लाल झाले होते, मुंग्या आल्या होत्या. ते झटकत तो त्या जुन्या सोबत्याकडे बघून बोलला. त्याच्या मते हळूच. पण वरच्या गॅलरीतल्या शेवटच्या माणसापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

"एवढो मोठो संप केलो. हात बांधून बसलो. मालकाक काय एक कळला नाय रे. ह्या डब्याक कळला!"