तो मले मेला

ती घटना आठवली की आजही मला माणसांच्या आधी एक शब्द आठवतो. दोन अक्षरी शब्द आहे, 'मले'. नोकरीत मी खुनाचे आणि दरोड्याचे तपास केले, नामचीन गुन्हेगारांशी डोळ्याला डोळा भिडवला. पण या शब्दाने मला जशी मान खाली घालायला लावली, तशी कुठल्या आरोपीने लावली नाही.

निवृत्तीला तीन-चार वर्षं उरली असताना माझी बदली अकोला जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्यात झाली. मी सांगलीकडचा. वऱ्हाडी बोली कानाला जरा रोखठोक लागायची, पण शेवटी मराठीच ती, त्यात न कळण्यासारखं काय आहे, असा माझा समज होता. हा समज मला चांगलाच महागात पडला.

एक दिवस टपालात निनावी अर्ज आला. मजकूर थोडा होता. 'आमच्या गावातील एका विधवा बाईने म्हातारपणाच्या सरकारी पगारासाठी ऑनलाइन अर्ज भरला. त्यात एकुलता एक मुलगा मयत दाखवला. मुलगा आठ महिन्यांपासून दिसत नाही. मात्र गावात कोणी त्याच्या तेरवीला जेवलेले नाही. चौकशी व्हावी.'

निनावी अर्ज दहातल्या नऊ वेळा धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणातून येतात. हाही तसाच होता. तलाठी घरचौकशीला आला तेव्हा पंच म्हणून सही करणाऱ्या शेजाऱ्याने बाईचा पगाराचा अर्ज वाचला होता, आणि बाईशी त्याचा धुऱ्यावरून जुना वाद होता. पण मुद्दा बिनतोड होता. गाव जेवल्याशिवाय तिथे माणूस मेला असं कोणी मानत नाही. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत नाव नव्हतं. तहसीलमधून अर्जाची प्रत मागवली. त्यात स्पष्ट छापलं होतं, 'मुलगा : मयत'. लोक सांगत होते, मुलगा दिसेनासा झाला त्याच्या आदल्या संध्याकाळी मायलेकांचं जबर भांडण झालं होतं. आणि त्याच आठवड्यात बाईने बकऱ्यांच्या गोठ्याची जमीन नव्याने चोपून सारवली होती. माझ्यासारख्या पोलिसाला एवढं पुरे झालं.

बाई सत्तरीची. कायद्याने तिला ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून तिच्याच ओसरीवर बसलो. आमच्या ठाण्यातल्या अनुभवी महिला हवालदार प्रशिक्षणाला गेल्या होत्या, म्हणून जिल्ह्यावरून एक नवखी शिपाई सोबत घेतली. ती पुण्याकडची. म्हणजे ओसरीवर बोली समजणारी व्यक्ती एकच, आणि तिच्यावरच आमचा संशय.

"मुलगा कुठे आहे तुमचा?"

"तो मले मेला, साहेब."

"केव्हा?"

"ज्या दिशी गेला त्या दिशी."

"भांडण कशावरून झालं?"

"फारम भराले वयाचा दाखला पाह्यजे होता. माह्या माहेरच्या शाळेतून आन म्हनलं, तर पेऊन आला. मंग मी बोलली त्याले, लय बोलली."

"प्रेताचं काय केलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी तेव्हा कोडगेपणाची समजलो. "तुमी असं कावून विचारून राह्यले मले?" असं का विचारता, एवढंच ती म्हणाली. पुढे दोन तास मी तेच तेच विचारत राहिलो आणि ती तेच तेच सांगत राहिली. कुंपणापलीकडे अर्धं गाव उभं होतं. मी जबाब लिहिला, 'माझा मुलगा घर सोडून गेला त्याच दिवशी मयत झाला आहे.' तिने अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी नायब तहसीलदार आणि दोन पंचांसमक्ष गोठा खणला. ती बकऱ्यांची दावी हातात धरून उभी होती. "खंदा बाप्पा, खंदा," म्हणाली. चार फूट खाली एक फुटकं घमेलं आणि काळी माती, दुसरं काही नाही. साप साप म्हणून भुई धोपटणं आयुष्यभर ऐकलं होतं, त्या दिवशी ते मी सरकारी खर्चाने केलं. संध्याकाळी तिने एकटीने तो खड्डा बुजवायला घेतला. माझ्या माणसांनी हात लावला नाही आणि मीही त्यांना सांगितलं नाही. याची लाज मला आजही वाटते.

हवालदारबाई प्रशिक्षणावरून परतल्या, तेव्हा मी जबाब त्यांच्यापुढे टाकला. त्या अचलपूरकडच्या. त्यांनी तो दोनदा वाचला.

"साहेब, बाई बोलली ते शब्द सांगा, लिहिलेले नको."

"म्हणाली, तो मले मेला."

त्यांनी डोक्याला हात लावला. "साहेब, 'मले' कुठं गेला यातला? 'मले मेला' म्हणजे माझ्यापुरता मेला! आमच्याकडं माय पोराले दिवसातून दहा खेपा असं म्हनते, अन् रात्री त्याच्यासाठी भाकर झाकून ठेवते."

'ध'चा 'मा' करणारे इतिहासात वाचले होते. मी तर अख्खा शब्दच गिळला होता.

तिचा ऑनलाइन अर्ज जिथे भरला होता, त्या सेवा केंद्रावर आम्ही तडक गेलो. केंद्र चालवणारा चाळिशीचा, पापभीरू गृहस्थ. तो म्हणाला, "मी इचारलं, माय, पोरगा हाय का? ते बोलली, तो मले मेला. मले समजलं जी, रागात बोलून राह्यली. पन कम्प्युटरवर हयात अन् मयत एवढंच होतं. हयात टाकलं तर त्याच्या कमाईचा दाखला मागते. तो कुठून आनता?" शाळेचा दाखला नव्हताच, म्हणून वयासाठी त्याने डॉक्टरांचा दाखला जोडला होता. त्याच्या लेखी त्याने म्हातारीवर उपकारच केले होते.

म्हणजे मुलगा जिवंत असू शकत होता. पूर्वीही तो रागाने निघून जाई आणि दोन-चार महिने कामाला राहून परत येई, म्हणूनच तिने तक्रार दिली नव्हती. आता आम्ही रीतसर मिसिंग दाखल केली आणि फोटो, वर्णन सगळीकडे पाठवलं. मला हलकं वाटलं. वाटलं, पोरगा सापडेल, आणि त्याला तिच्या दारात उभा करून मी माझी चूक धुऊन काढीन.

आठव्या दिवशी बडनेऱ्याच्या रेल्वे पोलिसांचा फोन आला. आठ महिन्यांपूर्वी रुळाजवळ बेवारस प्रेत मिळालं होतं. गाडीतून पडून मृत्यू, घातपात नाही. चेहरा नीट राहिला नव्हता, कपडे आणि उंची जुळत होती. नियमाप्रमाणे वाट पाहून अंत्यविधी उरकला होता. खिशातल्या प्लास्टिकच्या पन्नीत एक कागद होता, अचलपूरजवळच्या एका शाळेचा दाखल-खारीज उतारा, म्हणजे शाळेतल्या नोंदीचा दाखला. साठ वर्षांपूर्वीच्या कुण्या मुलीचा. त्यांनी शाळेत चौकशी केली होती, पण ती मुलगी आज कुठे आहे हे सांगणारं तिथे कोणी उरलं नव्हतं. त्यांनी मुलीचं नाव वाचून दाखवलं. आमच्या फायलीत ते नाव कुठेच नव्हतं.

मी फोन ठेवणार होतो, तेवढ्यात हवालदारबाई म्हणाल्या, "साहेब, तिचं माहेरचं नाव आपण विचारलं काय?"

लग्नात आपल्याकडे नाव बदलतात. मला ते सुचलं नव्हतं.

आम्ही दोघं गेलो. हवालदारबाई तिच्याजवळ जमिनीवर टेकल्या. "माय, माहेरी काय नावानं हाक मारत वं तुले?"

म्हातारी लाजली. इतक्या दिवसांत तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. पदर तोंडाला लावून तिने नाव सांगितलं, वर म्हणाली, "आता या नावानं मले हाक मारनारं कोनी नाई राह्यलं."

नाव तेच होतं. सांगायचं काम माझं होतं, ते मी केलं. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी तो कुणाला न सांगता अचलपूरकडे गेला होता, तिचा दाखला काढून घरी येत होता. ती रडली नाही. उठून तिने गोठ्यातल्या बकऱ्यांपुढे चारा टाकला. मग म्हणाली, "मीच म्हनलं होतं त्याले. माह्याच तोंडानं म्हनलं."

तेरवी रीतसर झाली. अर्ज करणारा शेजारी पहिल्या पंगतीत बसला होता आणि त्याने भाजी दोनदा मागून घेतली. पुढे तिचा पगार मंजूर झाला. अर्जातला 'मयत' दुरुस्त करायची गरजच उरली नव्हती. शाळेचा उतारा मुद्देमालातून सोडवून मी तिच्या हाती दिला, पण तो तिने कोणत्याही सरकारी कागदाला लावू दिला नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या ठाण्यात जबाब बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहिला गेला. कोणी शुद्ध करायला गेला, की मी कागद परत द्यायचो. तपासात माणसं खोटं बोलतात हे आम्हाला शिकवलेलं असतं. माणूस खरं बोलत असताना आपण चुकीचं ऐकतो, हे मला त्या बाईच्या ओसरीवर कळलं.

प्रकरण बंद करण्यासाठी तिचा शेवटचा जबाब घ्यायला मी स्वतः गेलो होतो. सगळं लिहून झालं, वाचून दाखवलं. आणखी काही सांगायचं आहे का, असं विचारलं. तिने आधी अंगठ्याला शाई लावून घेतली, मग तो कागदावर तसाच अधांतरी धरला.

"लिवा साहेब," ती म्हणाली. "तो मले मेला नोता."

मी ते तसंच्या तसं लिहिलं, आणि मग तिने अंगठा टेकवला.